गिऱ्हाइकांचे कपडे

शेवटचा गठ्ठा माळ्यावर पोचला तेव्हा पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीला लागलं होतं. घडीकाकांनी गठ्ठा भिंतीशी टेकवला, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि ओठ हलवत मोजदाद केली. दांडीला टांगलेले एकशे चार, घडी घातलेले सत्त्याऐंशी, धुवायचे तीन गठ्ठे. एकही कपडा खाली राहिला नव्हता आणि एकावरही पाण्याचा शिंतोडा नव्हता. छातीपर्यंत भिजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान सहसा बघायला मिळत नाही.

काकू जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून झग्याचा घोळ पिळत होत्या. पिळता पिळता त्यांचे हात थांबले.

“अहो, आपली पेटी?”

पत्र्याची पेटी खालच्या खोलीत पलंगाखाली होती. दोघांचे रोजचे कपडे, बाहेर जायचे कपडे, थंडीतलं पांघरूण, सगळं तिच्यात. काकांनी वाकून खाली पाहिलं. दुकानाच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि इस्त्रीचं टेबल पाय वर करून त्यात सावकाश गोल फिरत होतं.

“राहिली,” ते म्हणाले.

पहाटे भोंगा लावलेली गाडी रस्त्यावरून ओरडत गेली होती. नदीचा बांध फुटला आहे, जमेल तसं उंचावर जा. त्यानंतर मिळाली जेमतेम वीस मिनिटं. एवढ्या वेळात शहाण्या माणसानं आधी आपलं किडुकमिडुक उचललं असतं. या दोघांनी लॉन्ड्रीतले कपडे उचलले. काकांनी उचलले ते एक वेळ समजू शकतं, पण काकूंनीही तेच उचलले. चाळीस वर्षांत हातांना वळणच तसं पडलं होतं. वीस मिनिटं दोघंही जिना चढत-उतरत राहिले, आणि आपल्यालाही कपडे लागतात ही गोष्ट दोघांच्याही डोक्यातून साफ गेली. दोघांचे फोनसुद्धा टेबलावरच राहिले होते, आणि ते टेबल आता असं उताणं झालेलं.

घडीकाकांना घडीकाका म्हणत कारण त्यांची घडी. सदऱ्याची घडी ते अशी घालत, की कपाटात महिनाभर पडलेला सदरा उलगडला तरी नुकताच इस्त्रीखालून आल्यासारखा दिसे. त्या रस्त्यावर कुणी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. स्वभावही घडीसारखाच, चारी कोपरे जुळलेला. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या वस्तादांनी त्यांना एकच गोष्ट पढवली होती: गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नाही. मापाला नाही, मजेला नाही, मरणालाही नाही. इतर लॉन्ड्रीवाले गिऱ्हाइकाचा सूट चढवून लग्नाला जात आणि सोमवारी तोच सूट धुऊन परत करत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. घडीकाकांबद्दल तसं कुणी स्वप्नातही बोललं नसतं. माणूस तत्त्वाचा होता. तत्त्वाची माणसं लांबून फार चांगली दिसतात. त्यांच्या घरात राहून बघावं.

काकू राहिल्या होत्या. आणि त्यांची मुलगी राहिली होती, जमेल तितकी वर्षं.

मुलगी नऊ वर्षांची असताना शाळेत तिला स्टेजवर कविता म्हणायची होती. आदल्या दिवशी तिच्या एकुलत्या एका चांगल्या फ्रॉकवर शाईची दौत उपडी झाली. काकूंनी नवऱ्याचा डोळा चुकवून दांडीवरचा एक पिवळा फ्रॉक काढला आणि तिला घातला. दोन तासांचा तर प्रश्न होता. कविता छान झाली, टाळ्या पडल्या, पोर नाचत घरी आली आणि कोपऱ्यावरच बापाच्या नजरेला पडली. त्यांनी तिला दुकानासमोर उभं केलं आणि फ्रॉक तिथंच काढायला लावला. भर दुपार, रस्त्यावर माणसं. काकू धावत येईपर्यंत ती नुसत्या पेटीकोटवर उभी होती आणि काका फ्रॉक दोन बोटांत धरून आत चालले होते. त्यांनी तो पुन्हा धुतला, इस्त्री केला, वेळेवर पोचवला. ज्यांचा होता त्यांना कधी काही कळलंच नाही.

पोर आठ दिवस गप्प होती. मग बोलायला लागली. पण त्यानंतर तिनं आपला एकही कपडा बापाच्या टेबलावर ठेवला नाही. लॉन्ड्रीवाल्याची मुलगी चुरगळलेल्या कपड्यांत शाळेत गेली, कॉलेजात गेली, स्वतःच्या लग्नालाही तशीच उभी राहिली. आता ती दूरच्या शहरात असते. दर रविवारी आईला फोन करते, बाबा कसे आहेत विचारते आणि त्यांना फोन देऊ नकोस म्हणते. या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती, आणि या बावीस वर्षांत नवरा-बायको त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

माळा लांबट होता, वर तिरकं छप्पर, रस्त्याकडे एक खिडकी. खाण्यासाठी बिस्किटांचा अर्धा पुडा होता. पिण्यासाठी कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याची बाटली निघाली. काकूंना गुंडाळायला काकांनी एका गठ्ठ्याची चादर सोडली. ती दुकानाची, म्हणजे आपली, तेव्हा हरकत नव्हती. आतले मळके कपडे मात्र त्यांनी नीट रचून बाजूला ठेवले. मळका झाला तरी गिऱ्हाइकाचाच. चादर पातळ होती. काकूंच्या ओल्या झग्यावर ती घटकाभरात ओली झाली.

“आपलं काय, अंगावरच वाळेल,” काका म्हणाले.

काकूंनी चादर गळ्याशी ओढून घेतली.

दुपारपर्यंत पाऊस थांबला आणि सगळीकडे विलक्षण शांतता पसरली. गाड्या नाहीत, भोंगे नाहीत, शेजारचा रेडिओ नाही. पाण्यावरून परतलेला उजेड छपराच्या आतल्या बाजूला पडला होता आणि तिथं सारखा हलत होता. खिडकीखालून रस्ता वाहत होता. एक खुर्ची गेली. मग एक दार गेलं, कडीकुलुपासकट. मग सलूनचा बोर्ड, मग कुणाच्या तरी अंगणातलं कुंड्यांचं लाकडी खोकं, त्यातली फुलं अजून टवटवीत. कुणालाच घाई नव्हती. काकू खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून बघत राहिल्या. त्यांना वाटलं, रस्ता आहे तिथंच आहे आणि आपलंच घर हळूहळू कुठंतरी निघालं आहे. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं. एरवी ते म्हणाले असते, काहीतरीच तुझं. त्या दिवशी म्हणाले, मलाही मघापासून तसंच वाटतंय.

खिडकीतून वारा आला की दांडीवरचे कपडे हलत. एकशे चार माणसं खांद्याला खांदा लावून उभी असावीत आणि मधूनच एकमेकांच्या कानाला लागावीत, तसं दिसे. काकांना ती सगळी माणसं ठाऊक होती, चेहऱ्यानं कमी आणि खांद्या-कोपरानं जास्त. हा राखाडी कोट वकिलाचा, बोलताना टेबलावर रेलतो, म्हणून कोपरं चकाकतात. हा निळा सदरा डावखुऱ्या कारकुनाचा. ही गाऊनवाली दर महिन्याला थोडा सैल गाऊन आणते, अजून घरी कुणाला सांगितलं नसावं. आणि हे दोन पांढरे सदरे त्या म्हाताऱ्या घड्याळजींचे. त्यांची बायको गेली तरी वर्षभर ते तिचा कोट आपल्या सदऱ्यांबरोबर धुवायला आणत. कोट स्वच्छच असे. काका काही न बोलता तो पुन्हा धुऊन देत.

“हे मला कधी सांगितलं नाहीत,” काकू म्हणाल्या.

“गिऱ्हाइकाचं असतं ते.”

काकूंना हसू आलं. मग डुलकी लागली, डुलकीत त्या बोलल्या, जाग आली तेव्हा उजेड छपरावरून भिंतीवर उतरला होता. काकांनी एक बिस्कीट त्यांच्या हातात दिलं. काकूंचे हात बर्फासारखे लागले. काकांनी दांडीकडे पाहिलं आणि नजर वळवली. ओले कपडे, ओली चादर, आणि हाताच्या अंतरावर जवळजवळ दोनशे कोरडे कपडे. पाण्यात मासा तहानलेला म्हणतात, त्यातली गत. ती रात्र कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही. गेली.

सकाळी पाणी होतं तिथंच होतं. काकू भिंतीशी गोळा होऊन बसल्या होत्या आणि त्यांचे दात वाजत होते. काका आधी तो कसला आवाज म्हणून शोधत राहिले. खिडकीची कडी पाहिली, दांडीचे हूक पाहिले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते बायकोजवळ येऊन बसले. कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं, ओठ काळेनिळे पडले होते. वय काही कमी नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी छातीच्या दुखण्यानं त्यांना वीस दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, आणि पुन्हा गारठा बाधला तर सांगता येत नाही, असं डॉक्टरनं काकांना बाजूला घेऊन बजावलं होतं.

ते उठले. दांडीपाशी गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा हात फिरवत गेले आणि एका तपकिरी लोकरी कोटापाशी थांबले. तो कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा होता. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या रस्त्यावर त्याहून उबदार कपडा नव्हता. काकांनी कोट हँगरवरून काढला.

“हे घाल,” ते म्हणाले.

काकूंनी कोटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“नको.”

“अगं, ताप आहे तुला. तो ओला झगा काढ आणि हे घाल.”

“गिऱ्हाइकाचा आहे तो.”

“माहितीये मला कुणाचा आहे ते. जिवाचा प्रश्न आहे.”

दात वाजत होते, म्हणून शब्द जुळवायला काकूंना वेळ लागत होता. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

“आज माझ्यासाठी नियम मोडताय. मग तिच्यासाठी का नाही मोडलात? तिचाही जीवच होता ना?”

काका कोट धरून उभे राहिले. असे शब्द येणार हे त्यांना बावीस वर्षं माहीत होतं. पण ते आज, या वेळी, या माळ्यावर येतील असं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. काकूंनी विचारलं, काय वेगळी होती? ते म्हणाले, गावात नाव होतं आपलं. काकू म्हणाल्या, हो, ते राहिलं.

“मी नाही घालणार,” त्या म्हणाल्या. “पोरीनं उघडं उभं राहायचं आणि मी ऊब घ्यायची? मला नाही जमायचं. ठेवा तो जागेवर.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. काकांना तेव्हा खरी भीती वाटली. पुराची वाटली नव्हती, ही वाटली. ही बाई एकदा नाही म्हणाली की ती दगडावरची रेघ, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जबरदस्तीनं कपडा चढवावा तर ते एकदा उतरवून बसले होते, आणि त्याची फळं समोर होती. कपडा घालायला लावणं आणि काढायला लावणं यात काही फरक नाही, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा समजलं.

थोड्या वेळानं काकूंना दांडीकडून खुडबुड ऐकू आली. त्यांनी डोळे उघडले.

घडीकाकांनी आपला ओला सदरा काढून ठेवला होता आणि ते बँडमास्तरचा कोट घालत होते. लाल भडक कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा. बँडमास्तर चांगला आडवा माणूस होता. काकांच्या अंगावर तो कोट गुडघ्यापर्यंत आला आणि बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसू लागली. एकेक बटण लावत ते खालपासून वरपर्यंत आले. शेवटचं लावलं आणि हात बाजूला सोडून उभे राहिले. काय करून बसलो हे आता त्यांचं त्यांनाच कळत होतं. डोळे भरून आले होते.

“आता मोडला,” ते म्हणाले. “आधी मी मोडला. तुझ्यावर नाही येणार ते.”

काकू बघत राहिल्या. छपरावर उजेड हलत होता, मागं एकशे दोन कपडे हलत होते आणि मधे हा लाल कोटातला म्हातारा. तापामुळे असेल, त्यांना क्षणभर वाटलं आपण कुठलंतरी स्वप्न बघतोय आणि त्यात आता वाजंत्री सुरू होणार. त्यांना हसायला आलं, हसण्याचा खोकला झाला. काका धावत येऊन त्यांची पाठ चोळू लागले. त्यांच्या खांद्यावरचे झुपके काकूंच्या कानाला गुदगुल्या करत होते.

“तिला सांगाल?” खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं. “मला नाही. तिला.”

“सांगेन.”

“कबूल?”

“कबूल.”

मग त्यांनी हात पुढं केले.

आयुष्यभरात घडीकाकांनी किती कोटांची बटणं लावली असतील याची गणती नाही, पण ती सगळी हँगरवरच्या कोटांची. माणसाच्या अंगावर त्यांनी पहिल्यांदाच कोट चढवला. ओला झगा काढताना बायकोचे खांदे त्यांना दिसले. रस्त्यावरच्या प्रत्येकाचे खांदे त्यांना पाठ होते. हे इतके लहान कधी झाले, ते त्यांना माहीत नव्हतं. अस्तर गार होतं, मग हळूहळू गरम झालं. कॉलर उभी करून त्यांनी वरचं बटण लावलं, सवयीनं पाठीवरची सुरकुती हातानं दाबून काढली आणि बाजूला बसले.

दुपार उतरेपर्यंत काकू झोपल्या. दात वाजायचे थांबले होते. काका लाल कोटात भिंतीला टेकून बसले होते आणि काय सांगायचं ते मनाशी जुळवत होते. वाक्य काही केल्या जमेना. खिडकीखालून एक बाहुली गेली, पाठीवर पडून आकाशाकडे बघत. एक पाव गेला. बराच वेळ काहीच गेलं नाही.

बोट आली तेव्हा उन्हं कलली होती. रबरी बोट, मागं इंजिन, आधीच पाच-सहा माणसं बसलेली. बोटवाल्यानं खिडकीला दोर अडकवला आणि चला चला म्हणून घाई केली. काकांनी आधी काकूंना उतरवलं. मग ते परत आत गेले. दांडीवरचे कपडे खिडकीपासून दूर सरकवले, घड्या वरच्या फळीवर नेल्या आणि बाहेर येऊन खिडकी घट्ट ओढून घेतली. त्यांचा लाल कोट बघून बोटीतला कुणीतरी म्हणाला, बँड आला वाटतं. दोघं-तिघं हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले असावेत.

पुढच्या बाजूला खांद्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन मोठ्या बाई बसल्या होत्या. केस विस्कटलेले, पायात चपला नाहीत. त्यांची नजर काकूंच्या कोटावर गेली आणि तिथंच थांबली. काकूंनी मान खाली घातली. काका ताडकन उभे राहिले. बोट हेलकावली.

“बाई, कोट तुमचा आहे,” ते म्हणाले. “मी घातला तिला. ताप आहे तिला, आमचे कपडे वाहून गेले. मी पुन्हा धुऊन...”

“बसा आधी. सगळ्यांना बुडवाल.”

काका बसले. मोठ्या बाई काकूंकडे वळल्या. तीस वर्षं मुलांना शिस्त लावून त्यांचा आवाज जरबेचा झाला होता, पण त्यातला त्यात मऊ आवाजात त्या म्हणाल्या, “हात खिशात घाला. गार पडतील. डाव्या खिशात काही ठेवू नका मात्र, त्याला आतून भोक आहे.”

“शिवलंय मी ते,” काका म्हणाले.

“कधी?”

“झाली दोन वर्षं.”

“सांगायचं नाही का? दोन हिवाळे मी डावा हात बाहेर ठेवून फिरतेय.”

काकूंनी दोन्ही हात खिशात घातले. मोठ्या बाईंनी प्लास्टिकचा कागद अंगाभोवती ओढून घेतला आणि पाण्याकडे बघायला लागल्या. कोटाचा विषय त्यांच्यापुरता संपला होता.

काकांचा संपला नव्हता. बोट घरांच्या मधून चालली होती, दुकानांच्या पाट्या हाताला लागतील इतक्या जवळून जात होत्या, आणि ते त्या पिवळ्या फ्रॉकच्या घरच्या बाईला आठवत होते. हसतमुख होती. पोरांवर जीव होता तिचा. त्या दिवशी तिला नुसतं सांगितलं असतं, तर तीही असंच काही बोलली असती. अगं, किती गोड दिसतेस, म्हणाली असती. आपण तिला विचारलंच नाही. कुणाच्या मनात नसलेल्या रागासाठी आपण पोरीला रस्त्यात उभं केलं.

“बाई, तुमचा फोन चालतो का?” त्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतला फोन काढून दिला. काकांना नंबर येत नव्हता. त्यांनी तो कधी लावलाच नव्हता. काकूंनी एकेक आकडा सांगितला आणि त्यांनी बाहीतून बोट बाहेर काढून तो दाबला. पहिल्याच घंटेला तिकडून आवाज आला.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“मी.”

“बाबा?” मग एकदम, “आई कुठाय? कालपासून फोन लावतेय. आई बरी आहे ना?”

“बरी आहे. बोटीत आहोत आम्ही. समोरच बसलीय.” त्यांनी काकूंकडे पाहिलं. माळ्यावर जुळवलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं. “गिऱ्हाइकाचा कोट घातलाय तिनं.”

तिकडून काही आवाज आला नाही. काकांनी फोन कानावरून काढून चालू आहे का बघितलं आणि परत लावला.

“कुणी दिला?” तिनं विचारलं.

“मी. मीच घातला. बटणंपण लावली.”

बोटीतली माणसं आपलं लक्ष नाही असं दाखवत इकडेतिकडे बघत होती. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“चुकलो मी,” ते म्हणाले. “तो पिवळा फ्रॉक फार छान दिसत होता तुला. कोपऱ्यावरून येताना बघितलं होतं मी. आधी तेच वाटलं होतं. मग बाकीचं.”

तिकडून श्वास ऐकू येत होता, लहान मुलाचा रडून रडून दमल्यावर येतो तसा. काकूंचे हात खिशातच होते. त्या नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. मोठ्या बाईंनी फोन परत मागितला नाही आणि दोन्ही बाजूंनी कुणी तो बंदही केला नाही. पुढं पाणी उथळ व्हायला लागलं, म्हणून बोटवाल्यानं इंजिन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं.